वन्संच्या जागेवरचा डाग

झोप लागतेय की नाही अशा बेताला कुंदाताई गुप्ते आल्या आहेत. दुपारचं जेवण झालेलं, दिवाणावर एका कुशीला वळलेल्या, चष्मा उशाशी. डोक्यावर पंखा सावकाश फिरतोय. अलिबागच्या दुपारी समुद्रावरून वारा येतो तो ओला फडका झटकल्यासारखा येतो, आणि तो आत आला की खाली पसरलेल्या गालिच्यातून वास वर येतो. सकाळी उन्हात वाटतं, गेला. दुपारी हवा दमट झाली की पुन्हा हजर. बोक्याच्या मुताचा वास.

किलवर हा बोका मूळचा कुंदाताईंचा नव्हेच. तो वन्संचा. वन्सं म्हणजे कुंदाताईंच्या थोरल्या नणंद, शरयू गुप्ते. लग्न केलं नाही, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून नोकरी केली, आणि भाऊ वारल्यावर भावजयीबरोबर याच घरात राहिल्या. दोघींनी मिळून श्रीरंगला, म्हणजे कुंदाताईंच्या मुलाला, वाढवलं आणि पुण्याला नोकरीला धाडलं. मग उरल्या दोघी आणि पत्ते. दर शनिवारी कर्णिकांच्या दोघी जावा यायच्या आणि चौघींचा मेंढीकोट रंगायचा. वन्संना पत्त्यांचं इतकं वेड, की काळा कुळकुळीत बोका पाळला तर त्याचंही नाव ठेवलं किलवर. म्हणायच्या, त्याचा पंजा उलटा करून बघा, किलवरचंच पान आहे.

गालिचाही त्यांचाच. निवृत्त झाल्यावर दोघी काश्मीरला गेल्या होत्या, तिथून वन्संनी तो आणला. गर्द डाळिंबी, कडेला चिनाराची पानं. परतीच्या गाडीत त्याची वळकटी त्यांनी तान्ह्या पोरासारखी मांडीवर घेतली होती.

वन्सं गेल्या त्या माघात. दुखणं नाही, खुपणं नाही, सकाळी चहाला उठल्याच नाहीत. त्यानंतर पत्ते बंद पडले आणि किलवर गालिच्यावर करायला लागला. कुठेही नाही, नेमका वन्सं जिथे मांडी घालून बसायच्या तिथे. कुंदाताईंनी त्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासलं, मूत्राशय ठीक आहे म्हणाले. मग कुंदाताईंनी डाग उकळत्या पाण्याने धुतला, फिनेल ओतलं, साबणाच्या भुकटीने ब्रश घेऊन घासला, वर अगरबत्त्या लावल्या. बोका दुसऱ्या दिवशी त्याच जागी. कर्णिक जावांनी परत बसू या म्हणून सुचवलं, तर घरात वास आहे म्हणून कुंदाताईंनी टाळलं. शेवटी श्रीरंगने फोनवर निकाल लावला. गालिचा टाकून दे, आणि बोक्याला चौलच्या एका वाडीवाल्याकडे देऊ. वाडी मोठी आहे, उंदीर भरपूर, तो सुखात राहील. वाडीवाला उद्या सकाळी पिशवी घेऊन येणार आहे.

कुंदाताई हो म्हणाल्या आहेत. तेव्हापासून त्यांना जेवण गोड लागत नाही.

पंख्याचा आवाज हळूहळू बदलतो. आता तो पंख्याचा राहत नाही. फर्रर्र, थांबून पुन्हा फर्रर्र. कोणीतरी पत्ते पिसतंय.

कुंदाताई डोळे किलकिले करून बघतात. वन्सं गालिच्यावर बसल्या आहेत. पोपटी पातळ, पांढऱ्या केसांचा सुपारीएवढा अंबाडा, कानात कुड्या. अगदी आपल्या जागेवर, मांडी घालून.

"अहो, तिथे नका बसू," कुंदाताई घाईघाईने म्हणतात. "ओलं आहे."

वन्सं जरा सरकून खाली बघतात, पातळाचा काठ नाकाशी नेतात आणि नाक मुरडतात. "फिनेल," त्या म्हणतात. "कुंदा, माझ्या जागेवर फिनेल ओतलंस तू? मी काय मोरी आहे?"

एवढ्यात कुंदाताईंच्या लक्षात येतं की यात काहीतरी चुकतंय. त्या उठून बसतात. दिवाण नेहमीपेक्षा उंच आहे, पाय जमिनीला टेकत नाहीत.

"वन्सं, तुम्ही तर गेलात."

"गेले होते. म्हणून काय पिसायचं विसरले?" वन्सं पत्त्यांचा पंखा उघडतात आणि मिटतात. "ये खाली. बस. आज तुझी शिकवणी आहे."

कुंदाताई खाली उतरतात. उतरायला बराच वेळ लागतो, जिन्यावरून उतरल्यासारखा. इतक्या दिवसांनी दिसलेल्या माणसाला काय विचारावं, हे त्यांना सुचत नाही. तोंडातून निघतं भलतंच. जेवलात का, असं त्या विचारतात. वन्सं हसतात. तेच ते, खांदे हलवत, आवाज न करता हसणं. मग कुंदाताईही हसतात. वन्संचा हात हातात घेऊन बघतात. हात उबदार आहे, मनगटावर घड्याळाचा पट्टा घालून घालून पडलेलं पांढरं कडंही तिथेच आहे.

"तिकडे कसं आहे?" कुंदाताई हळूच विचारतात.

"पत्ते आहेत," वन्सं म्हणतात. "पण सगळे अगदी सरळ खेळतात गं. डोळ्यांनी खुणा नाहीत, काही नाही. मजा नाही."

"आणि हे? हे भेटतात का?"

"भाऊ? रोज. डाव अर्धा झाला की अजून विचारतो, हुकूम कुठला?"

आपला नवरा तिकडेही तसाच आहे, हे ऐकून कुंदाताईंना इतकं बरं वाटतं की त्या पदराने डोळे टिपतात आणि त्याच पदराआड खुदकन हसतात. जिवंतपणी त्या माणसाला हुकूम कधी लक्षात राहिला नव्हता.

वन्सं कंबरेला पदर खोचतात. गालिच्याचं टोक दोन बोटांत धरतात आणि उचलतात. खाली फरशी असायला हवी. तिथे पायऱ्या आहेत. गार, किंचित ओल्या, खाली जाणाऱ्या. वास तिथूनच भपकन वर येतो.

"बघितलंस? तू वरवर धुतलंस. हे तळाला गेलंय, विणीत, फरशीच्या सांध्यात. डाग वर दिसतो टिकलीएवढा, खाली असतो परातीएवढा. चल."

त्या उतरायला लागतात. पायऱ्या संपतात तिथे घराचंच न्हाणीघर आहे, पण आता ते एक्स्चेंजच्या हॉलएवढं झालंय. भिंतभर दिवे लुकलुकतायत, दोऱ्या इकडून तिकडे खोचलेल्या, कानाला चकत्या लावलेल्या बायकांच्या रांगा. मधोमध कपडे धुवायचं यंत्र, देवळाच्या गाभाऱ्याएवढं. ते गडगडतंय. दर थोड्या वेळाने त्याला हिसका बसतो आणि सगळा हॉल हादरतो. बायका मात्र शांत आवाजात नंबर विचारत बसल्या आहेत.

कुंदाताई खाली बघतात तर त्या स्वतःच एका निळ्या घमेल्यात उकिडव्या बसल्या आहेत. घमेल्यात वाळू आहे. यंत्र हिसका देतं, वाळू उडते. कोणीतरी धाडकन दार उघडतं, बादली आदळतं, दिवा लावतं, दिवा घालवतं. पुन्हा गडगडाट. कुंदाताई पदर डोक्यावरून घेतात.

"कुंदा," वन्सं बाजूला उभ्या राहून विचारतात, "इथे तुला होईल का?"

"जीव गेला तरी होणार नाही."

"मग त्याला कसं होणार?"

आता कुंदाताईंना लख्ख दिसतं. वन्संच्या खोलीबाहेरच्या गॅलरीत, तुळशीच्या कुंडीमागे, बोक्याचं वाळूचं घमेलं असायचं. तेराव्याला पाहुणे आले, गॅलरीत गाद्या टाकायच्या होत्या, म्हणून त्यांनीच ते उचलून न्हाणीघरात, यंत्राशेजारी सरकवलं. पाहुणे गेले, गाद्या गेल्या, घमेलं तिथेच राहिलं. त्यात आठवडेच्या आठवडे कोणी वाळूही बदलली नाही. ते काम वन्संचं होतं.

"मला वाटलं, तो मुद्दाम करतोय," कुंदाताई म्हणतात. "सबंध घर सोडून तुमच्याच जागेवर. मला इतका राग यायचा."

"त्याला काय कळतं मुद्दाम? हक्काची शांत जागा गेली, मग माझा वास जिथे उरला होता तिथे जाऊन बसला. पहिल्यांदा तेवढंच. नंतर त्याचा स्वतःचा वास तिथे राहिला, म्हणून रोज. आपलं नाव लिहिलेल्या जागी माणूसही पुन्हा जातो." वन्सं थांबतात. "तुझं फिनेल त्याला सफाईचं वाटलं नाही. त्याला वाटलं, दुसरा कुठला बोका येऊन गेला. मग त्याने आणखी जोरात सही ठोकली."

कुंदाताई घमेल्यातून उठून हात झटकतात. मग जे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं, श्रीरंगलाही नाही, ते त्या सांगून टाकतात. उकळतं पाणी ओतलं त्या दिवशी गालिच्यातून वाफ आली, आणि त्या वाफेत क्षणभर वन्संच्या माक्याच्या तेलाचा वास होता. नंतर कधीच आला नाही. डाग धुता धुता आपण वन्संनाच धुऊन टाकलं, असं त्यांना वाटत राहिलं होतं. म्हणून गालिचा टाकायला त्या हो म्हणाल्या. तो डोळ्यासमोर नसला तर बरं.

वन्सं ऐकून घेतात. मग अंबाड्यातली एक पिन काढून पुन्हा खोचतात.

"मला तेल कमी पडायचं नाही," त्या म्हणतात. "घे, तू ते टोक धर."

गालिच्याचं टोक कुंदाताईंच्या हातात आहे. दुसरं वन्संच्या हातात. मधे डाळिंबी रंग फुगलाय, आणि पायाखाली ओली वाळू. ओहोटी लागलीय. समुद्र लांब मागे सरकलाय, आणि कुलाब्याच्या किल्ल्यापर्यंत चकचकीत वाट उघडी पडलीय. ऊन आहे पण भाजत नाही. किलवर पुढे पुढे चाललाय, प्रत्येक पाऊल उचलून झटकत, ओल्या वाळूवर एकामागोमाग एक किलवरची पानं टाकत.

त्या गालिचा उलटा पसरतात. उलट्या बाजूला खरंच परातीएवढा काळपट डाग आहे. कुंदाताई ओंजळीत समुद्राचं पाणी घेऊन येतात तर वन्सं त्यांचा हात धरतात. हे नको, मीठ बसेल, आणि मीठ ओल सोडत नाही, असं त्या सांगतात. मग किल्ल्यातल्या गोड्या पाण्याच्या विहिरीवरून कळशी भरून आणतात. समुद्राच्या मधोमध असून ते पाणी गोड आणि गार असतं, हे अलिबागच्या माणसाला सांगायला नको. कळशी कंबरेवर घेऊन वन्सं वाळूवरून येताना दिसतात तेव्हा त्या चाळिशीतल्या आहेत, अंबाडा काळा आहे. पोहोचतात तेव्हा पुन्हा पांढरा.

"गार पाणी. कढत कधीच नाही. कढत पाण्याने लोकर डाग धरून ठेवते. आधी तुझं ते फिनेल आणि साबण सगळं निघू दे."

त्या ओततात. पाणी डागातून जातं आणि पिवळसर होऊन वाळूत मुरतं. कुंदाताई सवयीने ब्रश शोधतात. वन्सं त्यांच्या हातात जुन्या सुती पातळाची घडी देतात.

"घासू नकोस, टीप. घासलंस की ते आणखी आत जातं, आणि लोकर पिंजते ती वेगळीच. घडी ठेव आणि वर उभी राहा."

कुंदाताई घडीवर उभ्या राहतात. वजन पडतं तशी घडी पाणी पिते. वन्सं समोर दुसऱ्या घडीवर उभ्या राहतात. तोल जाऊ नये म्हणून दोघी हात धरतात. या पायावरून त्या पायावर, त्या पायावरून या पायावर. घडी बदलायची, पुन्हा उभं राहायचं. हात कधी एकमेकींत गुंतले आणि दोघी मागे रेलून गरगर कधी फिरायला लागल्या, हे कुंदाताईंना कळत नाही. गुडघे दुखत नाहीत. किल्ला फिरतो, समुद्र फिरतो, ओहोटीत अडकलेल्या होड्या फिरतात.

"घासायचं नाही म्हणता, आणि फुगडी घालता," कुंदाताई धापा टाकत म्हणतात.

"फुगडीने टिपलं जातं," वन्सं म्हणतात, आणि त्याच वेगात फिरत राहतात.

थांबतात तेव्हा त्या पाण्यावर आहेत. गालिचा काश्मिरातल्या शिकारा होडीसारखा तरंगतोय, कडेची चिनाराची पानं खरी होऊन पाण्याला टेकली आहेत, आणि मागे बर्फाचे डोंगर, ज्यांच्यासमोर उभं राहून दोघींनी भाड्याचे काश्मिरी कपडे घालून फोटो काढला होता. वन्सं पिशवीतून एकेक वस्तू काढतात. व्हिनेगरची बाटली. त्यात दुप्पट पाणी घालून आधी कडेच्या एका कोपऱ्यावर लावून बघायचं, रंग सुटतो का. नाही सुटला तर डागावर. त्याचा आंबूस वास येतो, कुंदाताई तोंड वाकडं करतात, तर वन्सं सांगतात की हा वास वाळला की आपोआप उडतो, तो दुसरा उडत नाही. मग एक साधी प्लास्टिकची बाटली, डॉक्टरांच्या दवाखान्याशेजारच्या दुकानात मिळते ती, एन्झाइमची. डॉक्टरांनी कुंदाताईंना ती घ्या म्हणून सांगितलं होतं, पण नाव ऐकूनच त्यांनी ते मनावर घेतलं नव्हतं.

"फिनेल, अगरबत्ती वास झाकतात. हे वास खातं. वरून, खालून, डागाच्या बाहेर हातभर, असं भिजव. वर प्लास्टिकचा कागद घाल, म्हणजे ओल राहील. आणि मग हात लावू नकोस."

"किती वेळ?"

"त्याचं जेवण होईपर्यंत. पंगतीत बसलेल्याला अर्ध्यावर कोणी उठवतं का? मग टिपून, सावलीत, दोन्ही बाजूंनी वारा लागेल असं टांगून ठेव. पार कोरडं झालं की खाण्याचा सोडा भुरभुर, सकाळी झाडून काढ."

कुंदाताई मनातल्या मनात घोकायला लागतात. गार पाणी, टिपणं, व्हिनेगर, मग ते खाणारं, मग सोडा. शाळेत पाढे म्हणताना व्हायचं तसं त्यांचं होतं, मधलंच एक निसटतं. वन्सं मात्र पत्ते वाटायला लागल्या आहेत. चार जागी. भराभर, बोट न ओलं करता.

"चौथी कोण?" कुंदाताई विचारतात.

"म्हात्रेबाई."

कुंदाताईंचा विश्वास बसत नाही. पहिल्या मजल्यावरच्या म्हात्रेबाई म्हणजे वन्संच्या जन्माच्या प्रतिस्पर्धी. सोसायटीच्या कोजागिरीला त्यांनी चारही मेंढ्या, म्हणजे चारही दश्श्या, उचलून वन्संवर कोट चढवला होता, आणि वर टाळी मागितली होती. वन्संनी घरी येऊन जाहीर केलं होतं की मी आहे तोवर ही बाई माझ्या गालिच्यावर बसणार नाही. जिन्यात भेटल्या तर दोघी हवेबद्दल बोलायच्या, पत्त्यांबद्दल अक्षर नाही.

"पण तुम्हीच म्हणाला होता, तुम्ही असेपर्यंत—"

"मग?" वन्सं भुवया उडवतात. "आता मी कुठे आहे?"

कुंदाताईंना हसू आवरत नाही. हसता हसता डोळ्यांतून पाणी येतं आणि त्याचं काय करावं ते कळत नाही, म्हणून त्या ते वाहू देतात. वन्सं पत्ते वाटत राहतात. तिला माझ्याच जागेवर बसव, त्या सांगतात. ती जागा रिकामी ठेवून तू तिचं देवघर केलंयस, आणि बोक्याला तर देवाधर्माचं काही नाही. गालिचा वाळेपर्यंत चटईवर खेळा. आणि म्हात्रेबाईला सांग, माझ्या जागेवरून हरली तर मला तिकडे कळेल.

"आणि तुम्ही?"

"मी भावाबरोबर आहे. त्याला हुकूम सांगायला कोणीतरी नको?"

पाण्यावर वारा सुटलाय. डोंगर पुसट होतायत. वन्सं पुढे वाकतात, कुंदाताईंच्या पदराचं टोक धरतात आणि त्याला चिमटीत पीळ देतात.

"थांब. तू विसरशील. स्वप्नातलं कोणाच्या लक्षात राहतं?"

बोटं एकदा फिरतात, पुन्हा एकदा फिरतात. माक्याच्या तेलाचा वास येतो, अगदी जवळून, डोकं खांद्यावर टेकल्यासारखा. कुंदाताई तो पोटभर आत घेतात. पंखा ऐकू यायला लागतो.

खोलीत संध्याकाळचं पिवळं ऊन आलंय. किलवर दिवाणाच्या पायाशी बसून त्यांच्याकडे एकटक बघतोय. खाली गालिचा जिथल्या तिथे, वासासकट.

कुंदाताई उठतात आणि चष्मा न लावताच न्हाणीघरात जातात. निळं घमेलं उचलतात, जुनी वाळू ओतून देतात, घमेलं गार पाण्याने विसळतात. गॅलरीत तुळशीच्या कुंडीमागे ठेवून पोत्यातली कोरडी वाळू भरतात. किलवर मागे मागे आलेला असतो. तो घमेल्याभोवती एक फेरी मारतो, हुंगतो, आत शिरतो, बराच वेळ उकरतो, आणि मग डोळे अर्धे मिटून, स्तोत्र म्हणत असल्यासारखा बसतो. कुंदाताई सभ्यपणे तोंड फिरवून समुद्राकडे बघतात. वाळू सारखी केल्याची खरखर ऐकू आल्यावरच त्या आत येतात. आपण गुणगुणतोय, हे त्यांच्या नंतर लक्षात येतं.

गालिचा एकटीने उलटवणं सोपं जात नाही, पण त्या उलटवतात. परातीएवढा डाग तिथे आहे. त्याला बघून त्यांना भीती वाटत नाही, ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटतं. त्या गार पाणी ओततात आणि जुन्या पातळाच्या घडीवर उभ्या राहतात. मग दवाखान्याशेजारच्या दुकानात फोन करून ती बाटली बाजूला काढून ठेवायला सांगतात, आणि पाठोपाठ श्रीरंगला. बोका कुठे जाणार नाही, वाडीवाल्याला तूच कळव, आणि गालिचाही राहतोय. तू बरी आहेस ना, असं श्रीरंग विचारतो. माघापासून इतकी बरी नव्हते, त्या म्हणतात. श्रीरंग म्हणतो की येत्या सुट्टीत येतो, तो सुकलेला गालिचा बघायला. कर्णिक जावांना उद्याचं सांगायला मात्र फोन पुरतो, त्या हो म्हणायला वाटच बघत असतात.

मग त्या जिना उतरून पहिल्या मजल्यावर जातात.

म्हात्रेबाई दार उघडतात. हाताला तांदळाचं पीठ लागलेलं, भाकऱ्या चालल्या आहेत. कुंदाताई दारातच विचारतात, उद्या मेंढीकोटाला याल का. म्हात्रेबाई पीठ झटकायचं विसरतात. वन्सं गेल्या त्या दिवशी सगळ्यांत आधी वर धावत आल्या होत्या त्या याच, आणि सगळ्यांत शेवटी खाली गेल्या होत्या त्याही याच.

"मी बसू कुठे पण, गुप्तेवहिनी?"

"वन्संच्या जागेवर."

म्हात्रेबाई खाली बघतात. मग त्यांचा हात पुढे येतो.

"पदराला गाठ कसली ही?"

कुंदाताई पदर समोर घेतात. टोकाला गाठ आहे. लहान, करकचून आवळलेली, दोनदा फिरवलेली, एक्स्चेंजमध्ये तारांच्या जुड्या बांधायचे तशी. कुंदाताईंना गेली कित्येक वर्षं संधिवाताने साधी पुडीची दोरी बांधता येत नाही.

"द्या, सोडून देते," म्हणून म्हात्रेबाई नखाने गाठ चाचपतात. ती हलत नाही. "बाई गं. कोणी मारली एवढी घट्ट?"

"तुम्हाला बोलावलंय ना," कुंदाताई म्हणतात, "त्यांनी."

म्हात्रेबाईंची बोटं थांबतात. गाठ त्या चिमटीत तशीच धरून ठेवतात, हातात आलेलं पान उलटं करून बघावं की नाही अशा विचारात असल्यासारख्या. मग सोडतात, आणि गाठीला लागलेलं पीठ अंगठ्याने हळूच पुसतात.

"राहू दे मग," त्या म्हणतात. "उद्या डाव झाल्यावर बघू."